पौर्णिमेला सुटी घेणारी भट्टी

“हे काय आणून टाकलं वं दारात?”

“दिसून नाही राहिलं काय? चुरी हाये. कोळशाची.”

“चुरी मलेही दिसते. काहून आणली, ते इचारून राहिलो.”

“गोळे कराले. मृगाले दहा दिस उरले. ऊन हाये तवर वाळले पाहिजेत.”

“साऱ्या वस्तीले म्या सांगतलं, औंदा गोळ्यायचं काम नाही. आन् आता माह्याच दारात, आयतवारच्या दिवशी, दोन पोते चुरी?”

“म्हनूनच आयतवारी आणली. साऱ्यायले सुटी असते. साऱ्यायले दिसन.”

नागपुरात नंदनवनच्या मागे जी बैठी वस्ती आहे, तिच्या तिसऱ्या गल्लीत हे भांडण लागलं तेव्हा सकाळचे सात वाजले होते. साल १९८९, मे महिन्यातला शेवटचा रविवार. ओरडणारा माणूस बळीराम रामटेके, गिरणीतला फिटर, अंगात बनियन, हातात अर्धा कप चहा. शांतपणे उत्तरं देणारी त्याची बायको जयवंता, वय सत्तेचाळीस, शहरातल्या एका विज्ञान महाविद्यालयात तेवीस वर्षांपासून प्रयोगशाळा परिचर. तिनं पदर खोचला होता आणि फावड्यानं पोत्याचं तोंड फाडत होती. बळीराम एक वाक्य बोलला की फावड्याचा एक घाव. जणू तीच त्याच्या बोलण्याला ताल देत होती.

वस्तीत गॅस दोन घरी होता. बाकीच्यांची नावं यादीत होती आणि यादी कुठं होती ते कोणाला ठाऊक नव्हतं. म्हणून घरोघरी शिगडी. लाकूड-कोळशाच्या टालावरून चुरी आणायची, तिच्यात काळी माती आणि शेण कालवायचं, लाडवाएवढे गोळे वळायचे आणि छपराच्या टिनावर वाळत घालायचे. वर्षभराचं हे काम मे महिन्याच्या उन्हात उरकायचं. मृग लागला की गोळा वाळत नाही आणि ओला गोळा पेटत नाही, नुसता धुमसतो, आणि घरातली माणसं चार महिने त्या धुरात खोकत भाकरी खातात. दरवर्षी मे अर्धा झाला की सगळ्या टिनांवर काळ्या गोळ्यांच्या रांगा लागायच्या. त्या वर्षी मे संपत आला होता आणि टिनं कोरी होती.

ती कोरी का होती, ते बळीरामच्या ओरडण्यात होतंच. वस्तीत जयवंताला सगळे ‘भट्टीवाली’ म्हणू लागले होते.

मार्चच्या शेवटी पेपरात बातमी आली होती. परदेशातल्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी काचेच्या भांड्यात जड पाणी घेतलं, म्हणजे साध्या पाण्यासारखंच दिसणारं पण वजनाला थोडं जास्त असं पाणी. त्यात पॅलेडियम नावाच्या महागड्या धातूची कांडी बुडवली, वीज सोडली, आणि जाहीर केलं की जितकी वीज घातली तिच्याहून जास्त उष्णता बाहेर येते. सूर्याच्या पोटात जे होतं ते टेबलावर, काडी न ओढता. जगभरच्या प्रयोगशाळा कामाला लागल्या. जयवंताच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्र विभागाचे प्रमुख डॉ. वसंत मुलमुले हेही लागले. ओळखीपाळखीतून जड पाण्याची छोटी बाटली मिळवली, कपाटातल्या जुन्या सामानातून पॅलेडियमची तार शोधली, आणि एप्रिलमध्ये परीक्षा संपल्यावर रिकाम्या प्रयोगशाळेत दोन बरण्या मांडल्या. एकीत जड पाणी. दुसरीत साधं ऊर्ध्वपातित पाणी, तुलनेसाठी. दोन्हींत तारा सारख्या, वीज सारखी, दोन्हींत एकेक थर्मामीटर. जड पाण्याची बरणी जर साध्या पाण्याच्या बरणीहून जास्त तापली, तर ती जास्तीची उष्णता विजेची नव्हे, या नव्या भट्टीची.

आणि ती तापली. रोज दुपारी चार अंशांनी, कधी साडेचार.

मुलमुले सरांनी तीस वर्षं मुलांना एकच गोष्ट शिकवली होती, थेंब थेंब द्रावण घालताना रंग बदलला की थांबा. त्यांच्या आयुष्यात स्वतःचा रंग पहिल्यांदा बदलला. पेपरवाला आला, फोटो निघाला. पाणी तापवायचे बंब करणारे एक कारखानदार मोटारीतून येऊन बरण्या बघून गेले. सरांनी मुलाखतीत सांगितलं की ही उष्णता नळीतून फिरवली तर घरच्या चुलीचं काम भागेल. पेपरात छापून आलं की येत्या पावसाळ्यात नागपूरच्या घराघरांत शिगडीच्या जागी बरणी बसेल. हे मधलं अंतर कोणी कापलं, सरांनी की पेपरवाल्यानं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. बळीरामनं मात्र ती बातमी पानठेल्यावर मोठ्यानं वाचली, दोनदा, आणि वर आपलं जोडलं की ज्या बाईच्या हातून हे चालू आहे ती आमची घरवाली, पहिल्या बरण्या आपल्याच गल्लीत येतील.

शेजारची तुळसाबाई तेव्हा जयवंताला विचारायला आली होती. म्हातारी बिड्या वळायची. छातीत तंबाखू आणि धूर अर्धा अर्धा. ती म्हणाली, खरं सांग वं जया, करू का गोळे, का राहू देऊ? जयवंतानं स्वतःच्या हातानं ती चार अंशांची रीडिंगं लिहिली होती. ती म्हणाली, थांबा मावशी, महिनाभर थांबा. तुळसाबाई थांबली म्हणून गल्ली थांबली.

आता जयवंताबद्दल थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

छप्पन साली दीक्षाभूमीवर ती चौदा वर्षांची होती, आईच्या पांढऱ्या लुगड्याचा पदर धरून. आई बिड्या वळायची, बाप रेल्वेत खलाशी. जयवंता मॅट्रिकला गणितात नापास झाली आणि लग्न झालं. सहासष्टमध्ये कॉलेजात झाडायच्या कामावर लागली. तेव्हा तिथं एक जुने मास्तर होते. त्यांनी प्रयोगशाळेत आपला माठ वेगळा काढला, वर ताटली, ताटलीवर वजन. कोणी काही बोललं नाही, जयवंताही नाही. ती झाडायची आणि बघायची. पाणी उकळून, वाफ थंड करून, थेंबथेंब गोळा करायचं यंत्र तिथं होतं. ते चालवणारा माणूस निम्मे दिवस रजेवर असायचा. तिनं ते शिकून घेतलं. वर्षभरात अशी वेळ आली की विभागातलं सगळं शुद्ध पाणी तिच्या हातचं.

मग एक दिवस तिनं त्या मास्तरांना विचारलं, “सर, माह्या हातचं पानी तुमच्या माठात चालत नाही. मंग माह्या हातच्या पान्यावर तुमची रीडिंगं कशी काय बरोबर येतात?”

आठवड्याभरानं ताटलीवरचं वजन गेलं. जयवंता त्या माठातलं पाणी कधीच प्यायली नाही. घरून बाटलीत आणायची. पण तेव्हापासून प्रयोगशाळेतलं पाणी ही तिची गोष्ट झाली. ब्युरेट, म्हणजे थेंब मोजून सोडायची काचेची नळी, तिच्या हातून कधी फुटली नाही. मुलं सरांना विचारायच्या आधी तिच्याकडे बाटली धरायची, मावशी, रंग आला का? ती खिडकीकडे धरून बघायची आणि म्हणायची, अजून दोन थेंब. दोनच थेंब लागायचे. कामं तिची सहायकाची, हुद्दा परिचराचा. सहायकपदासाठी तिची फाइल सहा वर्षांपासून मुलमुले सरांच्या टेबलावर होती. फाइल तिथं असल्याचा पुरावा इतकाच की सर तिच्यावर चहाचा कप ठेवायचे.

तर अशा बाईच्या हातून चूक झाली. आणि चूक अशी की ती नागपुरातच व्हावी.

पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हाळ्यात प्रयोगशाळेतल्या बाटल्या ओल्या फडक्यात ठेवाव्या लागतात. अमोनियाची बाटली तशीच उघडली तर बूच तोंडावर उडतं. म्हणून जयवंता अकरा वाजता एकदा आणि दोन वाजता एकदा बादली घेऊन फिरायची आणि प्रत्येक बाटलीच्या पोटाचं फडकं ओलं करायची. घरी सुरईला, बसस्टँडवर पाण्याच्या डब्यांना, सायकलच्या दांड्याला टांगलेल्या बाटलीला, सगळीकडे ओलं फडकं. नागपुरात उन्हाळ्यात ओलं फडकं दिसतं सगळ्यांना, पण बघत कोणी नाही. जड पाण्याच्या बरणीवर सरांनी चिठ्ठी लावली होती, ‘हात लावू नये’. तिनं लावला नाही. साध्या पाण्याच्या बरणीवर चिठ्ठी नव्हती. ते पाणी तिनंच काढलेलं, तिनंच भरलेलं. पहिल्याच दिवशी तिच्या हातानं, तिला न विचारता, त्या बरणीला फडकं गुंडाळलं.

महिनाभर सर रोज चार वाजता येऊन दोन्ही बरण्या बघून जात होते. फडकं त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. त्यांनाही दिसलं नाही. बंबवाल्यांनाही नाही. पेपरातल्या फोटोतसुद्धा ते आहे.

वीस मेला बुद्धपौर्णिमा होती. जयवंतानं रजा घेतली, विहारात गेली, घरी खीर केली. त्या दिवशीची रीडिंगं सरांनी स्वतः घेतली. दुसऱ्या दिवशी रविवार, पण बरण्यांना रविवार नसतो, म्हणून ती सकाळी कॉलेजात गेली आणि वही उघडली. आदल्या दिवशीचा फरक: अर्धा अंश. पुढं सरांच्या अक्षरात शेरा: विजेत गडबड असावी.

ती वहीकडे बघत उभी राहिली. मग तिनं मागची पानं उलटली. सकाळी आठचा फरक नेहमीच कमी. बाराला वाढलेला. चारला सगळ्यात जास्त. सरांनी त्यावर एक छान कल्पनाही लिहून ठेवली होती की भट्टीला चढायला वेळ लागतो.

नंतर हे सांगताना जयवंता म्हणायची, “मी म्हनलं, बाप्पा, ही भट्टी काय आमच्यातली हाये, का पौर्णिमेले सुटी घेते?”

आदल्या दिवशी कोणी ओलं न केलेलं साध्या बरणीचं फडकं तिनं सोडलं आणि स्टुलावर बसली. दोन तासांत दोन्ही पारे शेजारी शेजारी आले. मग तिनं तेवीस वर्षांत पहिल्यांदा ‘हात लावू नये’ असं लिहिलेल्या वस्तूला हात लावला. फडकं ओलं करून जड पाण्याच्या बरणीला गुंडाळलं आणि साधी उघडी ठेवली. बाहेर झळा, खिडक्या सताड उघड्या. चार वाजता तिच्या हातच्या साध्या पाण्यानं जड पाण्यावर चार अंशांनी मात केली होती. तिनं ते वहीत लिहिलं. खाली सही केली. बाकावर डोकं ठेवून थोडा वेळ बसली, कारण तुळसाबाईला थांब म्हणणारी तीच होती.

सोमवारी तिनं सरांना सांगितलं. सर हसले. म्हणाले, जयवंताबाई, फडक्यानं एवढा फरक पडत नाही. तिनं वही पुढं केली. ते वाचताना त्यांनी दोनदा चष्मा पुसला. मग दार लावून घेतलं. रविवारी, चार जूनला, सभागृहात जाहीर प्रात्यक्षिक होतं. बंबवाले, दुसऱ्या कॉलेजांचे प्राध्यापक, पेपर, सगळे येणार होते. सरांचं म्हणणं असं की जगभर कोणाला उष्णता मिळते, कोणाला मिळत नाही, वाद चालू आहे. आपलं यंत्र खोटं आहे असं थोडंच ठरलं? प्रात्यक्षिक होऊ द्या, पैसा येईल, मग चांगली उपकरणं घेऊन सावकाश तपासू. तोवर एका कागदावर तिची सही हवी होती, कारण रीडिंगं तिची होती. कागदावर एकच वाक्य: ‘दोन्ही भांडी संपूर्ण प्रयोगकाळात एकसारख्या स्थितीत ठेवण्यात आली होती.’

“सर, ठेवली नव्हती,” ती म्हणाली.

सरांनी फाइलीवरचा कप उचलून बाजूला ठेवला. सहा वर्षांत पहिल्यांदा फाइल उघडली, कोऱ्या जागेवर पेन टेकवलं आणि तिच्याकडे बघितलं. हे नाटकात असतं तर इथं दिवा मंद झाला असता. प्रयोगशाळेत पंखा फिरत राहिला. जयवंता म्हणाली, विचार करून सांगते, आणि बादली घेऊन अमोनियाकडे गेली.

तिनं पाच दिवस विचार केला. खोटं बोलू नये हे तिला कोणी शिकवायला नको होतं, पण सहा वर्षं वाट बघितलेली सही समोर दिसत होती. आणि सर वाईट माणूस नव्हते. त्यांना ती भट्टी खरी हवी होती. खरं तर तिलाही. तिच्याइतकी तर कोणालाच हवी नसेल. शिगडीवर फुंकर घालून घालून आईच्या डोळ्यांचं काय झालं ते तिनं पाहिलं होतं. पण रोज संध्याकाळी गल्लीत शिरताना तिला कोरी टिनं दिसायची. सर म्हणत होते, सावकाश तपासू. मृग सावकाश येणार नव्हता. शनिवारी तुळसाबाईनं हाक मारून विचारलं, महिना झाला वं जया, कुठं आली बरणी? जयवंता तशीच मागं वळली, टालावर गेली आणि दोन पोती चुरी सांगून आली.

म्हणून हे रविवारचं भांडण.

“तुले काय वाटते,” बळीराम म्हणत होता, “लोकं मले सोडतीन? पानठेल्यावर तोंड दाखवता येनार नाही. म्हनतीन, बळीरामनं बायकोच्या नावावर हवा मारली.”

“मारली ना तुमी हवा?”

“तूच म्हनाली होती, चार अंश.”

“म्हनाली होती. चुकली. आता सांगून राहिली, चुकली म्हनून. आनखी कसं सांगू, डफडं वाजवू?”

“मंग सरायले सही देऊन टाक आन् घरात बसून चुकत राह्य. तुही फाइल होऊन जाईन. गोळे काय, चुपचाप मागच्या अंगनात वळ. कोन पाहते?”

“मागच्या अंगनात वळले तर माहं घर भागन. गल्लीचं?”

बळीरामनं चहा घशात ओतला. त्याला राग आला होता आणि ती बरोबर बोलते हेही कळत होतं. अशा वेळी तो कपाची तळी बघत बसायचा. जयवंतानं माती ओतली, शेण ओतलं, पाण्याची बादली उपडी केली आणि कोपरापर्यंत हात घातले. पच् असा आवाज झाला. गल्लीतल्या प्रत्येक बाईला तो आवाज झोपेतही ओळखू येतो.

एक दार उघडलं, मग दुसरं. बायका आपापल्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या. कोणी जवळ येईना. भट्टीवालीच्या दारात चुरी, म्हणजे काहीतरी झालं. शेवटी तुळसाबाई काठी टेकत आली.

जयवंतानं सगळं सांगितलं, वळता वळता. बरणी, फडकं, पौर्णिमेची रजा. शास्त्र तिनं एका वाक्यात उरकलं: तिकडली बरणी तापत नव्हती, इकडली निवत होती, सुरईवानी. हे बायकांना सरांपेक्षा लवकर कळलं. एकीनं हसून डोक्याला हात लावला. तुळसाबाई हसली नाही.

“महिन्यापयले तूच म्हनाली थांब. आता तूच म्हनते वळा. तुह्या कोनत्या तोंडाचं आयकू, जया?”

“तोंडाचं नोका आयकू मावशी. हात पाहा. हात तर काळे हायेत ना?”

“आन् तुहे ते सर जे म्हनतात?”

“त्यायले म्हनू द्या. त्यायच्या घरी गॅस हाये.”

गल्ली हसली. तुळसाबाई खोकली, खोकल्याचं हसू झालं की हसण्याचा खोकला, सांगता येत नाही. ती काठी भिंतीला लावून खाली बसली आणि मळलेल्या चुरीतून एक मूठ उचलून गोळा वळू लागली. बिड्यांनी सवयीची बोटं. गोळा एकदम गोल. मग दोघी-तिघी टालाकडे निघाल्या. एकीनं नवऱ्याला सायकल काढायला लावली. बळीराम कप घेऊन घरात गेला आणि लुंगी खोचून बाहेर आला. बायकोकडे न बघता त्यानं दुसरं पोतं फोडलं.

नऊच्या सुमाराला गल्लीत स्कूटर शिरली.

डॉ. मुलमुले या वस्तीत कधी आले नव्हते. पांढरा बुशशर्ट, डोक्याला रुमाल, पायदानावर चामडी बॅग. कोणी त्यांना इतक्या लवकर बातमी दिली, कोण जाणे. पानठेल्यांना तारा लागत नाहीत. स्कूटर बंद करून ते टिनांकडे बघत राहिले. पाच घरांवर रांगा लागल्या होत्या, ओल्या, चमकणाऱ्या.

बळीराम धावला, खुर्ची आणतो म्हणाला. सर बसले नाहीत. ते जयवंताशी हळू बोलू लागले. सुरुवातीला गल्लीला ऐकू येत नव्हतं. पण जयवंता हळू बोलेना, म्हणून त्यांनाही आवाज चढवावा लागला. तुम्ही माझी चेष्टा मांडली आहे, ते म्हणाले. सभेला सात दिवस राहिले आणि माझ्याच प्रयोगशाळेतली बाई रस्त्यावर बसून शेणात हात घालून लोकांना सांगते की भट्टी खोटी.

“भट्टी खोटी म्हनून कुठं सांगतलं, सर? फडकं ओलं होतं, एवढंच सांगतलं. ते तर खरं हाये.”

“हे शास्त्र आहे, जयवंताबाई. गल्लीत ठरत नसतं.”

“नसंन. पन गोळे गल्लीत वाळतात. तुमचं शास्त्र दिवाळीपर्यंत थांबते. मृग थांबते काय?”

सरांनी बॅग उघडली. आतून तिची फाइल काढली. बायकांना काय ते कळलं नाही, बळीरामला कळलं, त्याचे हात मातीत थांबले. सरांनी फाइलीतला कागद तिला दिसेल असा धरला. त्यांची सही झालेली होती. दुसऱ्या हातात तो एका वाक्याचा कागद.

“ही माझी सही. झालेली आहे,” ते म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज मवाळ होता, थकलेला. “तीस वर्षांत मला कोणी काही विचारलं नाही. आत्ता विचारताहेत. दोन वर्षांनी मी रिटायर होईन. तुम्हाला एक सही जड आहे?”

जयवंता उठली. हात काळे, कपाळावर शेणाचा ठिपका. तिनं फाइल बघितली, नीट, वरपासून खालपर्यंत, जशी बाटली खिडकीकडे धरून बघायची तशी. बळीराम बायकोकडे बघत होता. त्या क्षणी ‘दे सही’ म्हणणं त्याला सोपं होतं. तो म्हणाला नाही.

“माहे हात भरले हायेत, सर. कागद खराब होईन,” ती म्हणाली. “आन् धुतले तरी सही करत नाही. तुमाले वाटते, म्या तुमचं वाईट केलं. मले तर ती भट्टी पाहिजे. या साऱ्यायले पाहिजे, इचारा. म्हनून एक मांगते. आयतवारी सभेत साऱ्यायसमोर दोन्ही बरन्या उघड्या ठेवा. एकही फडकं नाही. मी सोता मांडून देतो, पानी मीच काढतो. दुपारी चार वाजता तुमची बरनी एक अंश जरी जास्त तापली, तर हे सारे गोळे तुमच्यासमोर फोडतो, तुमच्या कागदावर सही करतो, आन् वस्तीले सांगतो का जयवंता खोटी होती. ठेवता काय उघड्या?”

तुळसाबाईच्या हातातला गोळा हातातच राहिला. डॉक्टर मुलमुल्यांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा लावला. टिनावरच्या रांगांकडे बघितलं, बायकांकडे बघितलं. त्यांचे ओठ उघडले. क्षणभर वाटलं, हो म्हणतात.

मग त्यांनी दोन्ही कागद फाइलीत घातले, फाइल बॅगेत घातली, बॅग पायदानावर ठेवली. स्कूटरला एक लाथ मारली, दुसरी मारली, तिसरीला ती लागली. वळवताना त्यांनी मागं बघितलं नाही, आणि स्कूटर गल्लीच्या तोंडाशी जाऊन नंदनवनच्या रस्त्याला लागली.